खुडूक

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या मुलीची नववीची परीक्षा संपली आणि ती तिच्या खोलीत जाऊन बसली. बसली म्हणजे बसलीच. दार अर्धं लोटलेलं, पंखा पाचवर, गुडघ्यांवर उशी, उशीवर मोबाइल. जेवायला हाक मारली की आतून फक्त "हं" यायचं. कुणी आत डोकावलं, तर मान न वळवता केस फिस्कारल्यासारखे व्हायचे. चौथ्या दिवशी मी चिंतेने विचारलं, "आई, हिला डॉक्टरकडे न्यायचं का?"

सासूबाई मटार सोलत होत्या. दाराच्या फटीतून त्यांनी एकदा आत पाहिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर कशाला? खुडूक बसलीय ती."

ज्यांना कोंबड्यांचा सहवास लाभलेला नाही, त्यांच्यासाठी खुलासा. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग एके दिवशी अंडी बंद करून कोपऱ्यात बसते. पिसं फुगवते, खाणंपिणं कमी करते, हात घातला तर टोचते. खाली अंडं असो की नसो, तिला उबवायचंच असतं. तिला म्हणायचं खुडूक. मी सगळी लक्षणं ताडून पाहिली. टोचण्यापर्यंत सगळी जुळत होती.

"मग उपाय काय?"

"आमच्याकडं गार पाण्यात बुडवायचे. न्हायतर नाकात पीस अडकवायचे."

आम्ही सुशिक्षित लोक. आम्ही नाकात पीस अडकवत नाही, क्लास लावतो. दहावीचा क्लास तर लावलाच होता, आता सुट्टीसाठी वेगळा शोधायला हवा होता. तो ठाण्याला सापडला.

घोडबंदर रोडच्या एका संकुलात 'शहरी शेती : एक अनुभव' अशी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा होती. फी अठराशे रुपये. मुलगी आलीच नाही, म्हणून पैसे वाया जाऊ नयेत या डोंबिवलीकर तत्त्वावर मी गेले. तिथे आम्हा तीस जणांना डोळे मिटून माती हातात धरायला सांगितलं. शेजारच्या बाईंना मातीतून सकारात्मक कंपनं जाणवली. मला एक मुंगी जाणवली. नंतर नारळाच्या काथ्याच्या भुश्शाला कोकोपीट म्हणतात आणि तो विकत घ्यावा लागतो, असं कळलं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं.

घरी येऊन ते सासूबाईंना दाखवलं. त्या बराच वेळ हसल्या. त्यांचंही बरोबरच होतं. हाताची माती धुऊन निघावी म्हणून सासऱ्यांनी मुरबाडजवळचं गाव सोडलं आणि डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं. पुढच्या पिढीने कॉम्प्युटरच्या कळफलकावर ते हात आणखी स्वच्छ केले. आता तिसऱ्या पिढीच्या हाताला माती लागावी म्हणून मी अठराशे रुपये भरून आले होते. "मला दोनशे दिले असतेस तर मी शेणसुद्धा सारवायला शिकवलं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. ही गोष्ट त्यांनी आमच्या सोसायटीत पन्नास वर्षं कुणाला कळू दिली नव्हती.

मग मी ठरवलं, इमारतीतल्या मुलांना घेऊन शेती आपल्याच गच्चीवर करायची, कोंबड्यांसकट. गच्चीवरची शेती हा काही त्या कार्यशाळेने लावलेला शोध नव्हे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून, ऊन किती पानांवर पडतं याचा हिशेब सामान्य माणसाला मांडायला शिकवला. त्यावरच्या आपल्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'विपुलाच सृष्टी'. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळंभाज्या पिकवल्या. आणि पोरांना हे सगळं शिकवायचं तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांचं नाव घ्यावंच लागतं. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातलं काम सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. फळ्यासमोर न रमणारी मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि कोंबडीपालन करता करता शिकतात. हे वाचून मी इतकी भारावले, की आमची गच्ची म्हणजे पाबळ असं मला वाटू लागलं. फरक एवढाच, की पाबळला सोसायटीची कमिटी नव्हती.

कमिटीची सभा झाली. आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, आणि 'आता पुनर्विकासाला जाणारच' अशी गेली नऊ वर्षं असलेली. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तरी चौथ्या मजल्याला गळती आहेच. पुढे कोणतीही गळती झाली तर ती टोमॅटोमुळेच झाली असं मानण्यात येईल, हे ठरावात आधी लिहून घेतलं. खजिनदारांनी डोंबिवलीच्या प्रदूषणाचा मुद्दा काढला. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. "अशा गावात पालक कोणत्या रंगाचा येईल याची हमी कोण देणार?" मी म्हटलं, "आपण लाल माठ लावू. रंग बदलला तरी चटकन कळणार नाही."

खरी लढाई कोंबड्यांवरून झाली. सेक्रेटरी कात्रणं घेऊनच आले होते. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तो नंदुरबार जिल्हा, दूर आहे म्हणून सोडून देऊ. पण २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला आला तेव्हा हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, तो आपलाच ठाणे जिल्हा. मुद्दा अगदी खरा होता. मग ठरलं : खुराड्याला बारीक जाळी, म्हणजे कावळे-कबुतरं दाण्यात तोंड घालणार नाहीत, वर जायच्या चपला वेगळ्या, खाली येताना साबणाने हात धुवायचे, आणि पक्षी आजारी दिसला तर लपवायचं नाही, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. याशिवाय कमिटीच्या तीन अटी : वास येता कामा नये, आवाज होता कामा नये, गच्चीवर मांसाहार होता कामा नये. या अटी कोंबड्यांना मान्य आहेत असं गृहीत धरून मी सही केली.

आता फक्त मुलं हवी होती. इमारतीत तेरा ते सोळा वयाची पाच. माझी मुलगी, पहिल्या मजल्यावरचा भावी सीए, आयआयटीच्या क्लासमुळे डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला एक, दिवसाला तीन रील करणारी एक, आणि 'याचं पुढे काय होणार' असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात तो एक. रविवारी सकाळी आठची वेळ दिली. आठ वाजता गच्चीवर मी आणि एक कबूतर होतो.

अशा वेळी थोरांची आठवण काढावी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलं जिथे चरतात, तिथे शाळा. मी विचार केला, आमची मुलं कुठे चरतात? दुसऱ्याच दिवशी गच्चीवर वायफाय बसवून घेतलं. पुढच्या रविवारी पाचही जण साडेसातला हजर. कुरणशाळेचा असा अर्थ मी काढला हे अनुताईंना कळलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं याचा विचार मी करत नाही.

पहिला धडा मातीचा. विकतचं कोकोपीट नको म्हणून मुलांनी रसवंतीतून उसाची चिपाडं आणली. कुंडीत तळाशी चिपाडं, वर पालापाचोळा, मग शेणखत आणि माती. पद्धत उत्तम. फक्त चिपाडं धुऊन, वाळवून घ्यायची असतात हे कुणीच कुणाला सांगितलं नाही. सोमवारी डोंबिवली पूर्वेतल्या सर्व मुंग्या आमच्या जिन्याने शिस्तीत वर चालल्या होत्या. रेल्वेच्या पुलावर आम्ही माणसं कधी इतक्या शिस्तीत चाललो नाही.

दुसरा धडा पेरणीचा. 'पी हळद हो गोरी' ही म्हण याच वयाच्या मुलांकडे पाहून सुचली असावी. भेंडीचं बी सकाळी पेरलं आणि संध्याकाळी उकरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरलं. आयआयटीवाल्याने प्रत्येक बीची 'प्रगती' वहीत नोंदवली. सहा दिवसांत सहा चाचण्या झाल्यावर त्या बीने अंग टाकलं. लाल माठ मात्र उगवला, कारण त्याचं बी इतकं बारीक असतं की उकरूनही सापडत नाही. परीक्षा घेता येत नाही तेच नीट वाढतं, असं मी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

तिसरा धडा आपोआप झाला. कचऱ्याच्या खतातून न लावलेला लाल भोपळा उगवला आणि पावसात पत्र्यावर चढला. फुलं धबाधबा, फळ एक नाही. सासूबाई गुडघे सांभाळत वर आल्या. "ही नराची. देठ सरळ. ही मादीची, हिच्याखाली गोळी दिसत्ये बघा. इथं चौथ्या माळ्यावर माशी कुठून यायची? तुम्हीच करा काय ते." मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला हा धडा 'घरी वाचून या' या वर्गातला. घरी तो 'शाळेत शिकवतील' या वर्गात मोडतो. तो अखेर गच्चीवर, जलरंगाच्या ब्रशने, एका आजीने शिकवला. रीलवालीने त्याचं चित्रीकरण केलं. पहिले दोन दिवस पाचही जण नुसते खिदळत होते. तिसऱ्या दिवशी भोपळ्याने बाळसं धरलं आणि सगळ्यांना एकदम जबाबदारी वाटू लागली.

कोंबड्या मेमध्येच आल्या होत्या. सासूबाईंच्या भाच्याने मुरबाडहून दोन महिन्यांची पाच गावरान पिल्लं डालग्यातून आणून दिली. पोरांनी मध्य रेल्वेला अनुसरून नावं ठेवली. दाण्याजवळ सगळ्यांत शेवटी पोहोचणारी कसारा. वाटेत मध्येच कारण नसताना थांबणारी कर्जत. भाविक चेहऱ्याची टिटवाळा. एका कोपऱ्यात एकटी राहणारी खोपोली. आणि पाचवं अंबरनाथ. नावातच नाथ होता, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मानमोडीची लस द्यायची होती. तिची बाटली निदान शंभर पक्ष्यांच्या हिशेबाने येते, ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की थोड्या तासांत वापरावी लागते. आमचे पक्षी पाच. उरलेल्या पंचाण्णव कोंबड्या शोधायला भावी सीए सबंध डोंबिवली पूर्व पालथी घालून आला. त्याला चिकनच्या दुकानांव्यतिरिक्त एकही कोंबडी सापडली नाही, आणि तिथल्या कोंबड्यांना लशीचा फारसा उपयोग नव्हता.

ऑगस्टमध्ये अंबरनाथला तुरा आला, शेपटीची पिसं वाकली, आणि एका पहाटे पावणेचारला त्याने आपण कोण आहोत ते जाहीर केलं. पण गणपती होते. दहा दिवस लाउडस्पीकरमध्ये त्याचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र तीन विंगांतून तक्रारी आल्या. ढोलताशा कसा, श्रद्धेचा भाग असतो. मुलांनी मग 'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' या म्हणीची पडताळणी केली. अंबरनाथला टोपलीखाली ठेवलं, वर गोणपाट, त्यावर जुनी गोधडी. म्हण खरी ठरली. शिवाय आत अंधार असल्यामुळे तो कोणत्याही वेळी आरवू लागला. शेवटी त्याची मुरबाडला बदली झाली. निरोप द्यायला पाचही जण कल्याणच्या एसटी स्टँडपर्यंत गेले. 'याचं पुढे काय होणार' असलेला मुलगा रडला. त्याला एवढं रडताना त्याच्या आईनेही कधी पाहिलं नव्हतं.

"आता कोंबडा नाही, मग अंडी कशी येणार?" सेक्रेटरींनी मला जिन्यात हळूच विचारलं. वय अठ्ठावन्न. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लू व्हायला लागतो, हे त्यांना रीलवालीने समजावलं. ते ऐकून अंड्याला शाकाहारी मानावं का, यावर ते आठवडाभर विचार करत होते.

पहिलं अंडं आलं दिवाळीच्या पहिल्या दिवशी. त्या सकाळी सगळी तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडला असते. माझी मुलगी नवा कुर्ता घालून, निघण्याआधी दाणे टाकायला वर गेली आणि तासभर खाली आलीच नाही. अंडं लहानसं होतं, फिकट तपकिरी, अजून कोमट. भावी सीएने लगेच हिशेब केला : खुराडं, जाळी, दाणा, लस, गाडीभाडं मिळून खर्च ६,८४० रुपये, उत्पादन एक नग, सबब दर नगास ६,८४० रुपये. दोन दिवसांनी दुसरं आलं तेव्हा भाव निम्म्यावर कोसळला. त्यानंतर बाजार सावरलेला नाही. त्याने याच काळात कोंबडीची ताजी विष्ठा मिरचीला घालून दोन कुंड्या जाळल्या. ते खत मुरवल्याशिवाय द्यायचं नसतं. हे नुकसान त्याने 'घसारा' या सदरात टाकलं.

फेब्रुवारीत दोन घटना एकदम घडल्या. दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि माझी मुलगी पुन्हा खोलीत जाऊन बसली. दार लोटलेलं, केस फिस्कारलेले. त्याच आठवड्यात वर कसारा खुडूक बसली. रिकाम्या पेटीत, पिसं फुगवून, खाली काही नसताना. मी हताश होऊन म्हटलं, "आई, बुडवायचं का पाण्यात?"

"कुणाला?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "खुडकीला बुडवतात कधी? जेव्हा अंडीच पाहिजे असतात तेव्हा. तिला बसायचंय तर बसू दे की. खाली चांगली अंडी दे. रिकाम्या पेटीवर बसलीय म्हणून चिडचिडी झालीय ती."

आमच्या अंड्यांचा उपयोग नव्हता, अंबरनाथ गेल्याला पाच महिने झाले होते. दारावर टकटक करून मी मुलीला एवढंच सांगितलं. ती दहा मिनिटांत बाहेर आली. पेपर आठवड्यावर आलेला असताना रविवारी ती आणि तो 'पुढे काय होणार'वाला मुरबाडला गेले. तिथून तांदळाच्या तुसात घातलेली अकरा अंडी डब्यात घेऊन एसटीने कल्याणला आले. कल्याणला पोहोचल्यावर कळलं, मेगाब्लॉक आहे. जी गाडी आली तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. "अंडी आहेत, अंडी!" असं तो मुलगा ओरडला आणि डब्यातल्या माणसांनी हातांची कडी करून जागा केली. गरोदर बाईला जागा देताना विचार करणारे लोक अंड्यांसाठी सरकले. ठाकुर्लीला एक गृहस्थ उतरायचे होते, ते डबा सांभाळायला डोंबिवलीपर्यंत आले. एकही अंडं फुटलं नाही.

रात्री अंधारात ती अकरा अंडी कसाराखाली सरकवली. तिने प्रत्येक अंडं चोचीने आत ओढून घेतलं आणि पिसं हळूहळू खाली बसली. मुलीने कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजले. आठव्या रात्री मोबाइलच्या दिव्यावर अंडी धरून पाहिली. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन नुसतीच चमकली. मोबाइलचा याहून चांगला उपयोग मी अजून पाहिलेला नाही. अभ्यास गच्चीवरच हलला. कोंबडीला त्रास नको म्हणून ती बीजगणितसुद्धा मनात सोडवायची. एकविसाव्या दिवशी, विज्ञान भाग दोनच्या पेपरच्या आदल्या दिवशी, सात पिल्लं बाहेर आली. दोन आतच राहिली. ती का राहिली, हे तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, "राहतात." पुस्तकात इतकं नेमकं उत्तर नाही.

सात पिल्लांना सात नावं लागली आणि ती तयारच होती : ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, ठाकुर्ली, कल्याण. मधलं डोंबिवली वगळलं, ते आपलं स्वतःचं.

मुलीला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. कोंबड्या नसत्या तर नव्वद पडले असते, असं नातेवाइकांचं मत आहे. सासूबाईंचं मत वेगळं आहे, पण त्यांना टक्क्यांत बोलता येत नाही.

तेव्हा तुमच्याही घरात कुणी खुडूक बसलं असेल, तर पाण्यात बुडवू नका आणि नाकात पीस घालू नका. दाणापाणी हाताशी ठेवा, खाली काहीतरी जिवंत सरकवा, आणि एकवीस दिवस रोज उकरून बघू नका. सुरुवातीला कामी यावीत म्हणून कळवा, मुंब्रा, कोपर आणि ठाकुर्ली चांगल्या घरी द्यायची आहेत. डालगं आणि मुंग्या मोफत. कोंबडा निघाल्यास परत घेतला जाणार नाही.